न उचललेला फोन

कृष्णात चौगुले पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि फुलेवाडीतल्या घरात एकटेच राहू लागले. बायको आधीच गेलेली, मुलगी निशिगंधा पुण्यात नोकरीला. पेन्शनच्या कामाला बँकेत गेले तेव्हा तिथल्या पोरीनं गोड बोलून त्यांच्या गळ्यात एक क्रेडिट कार्ड मारलं. त्यांनी ते कपाटात टाकून दिलं.

मार्चमधल्या एका दुपारी फोन आला. "चौगुले साहेब, बँकेतून बोलतोय. तुमच्या कार्डावर विम्याचे पैसे कापले जाणार आहेत. नको असेल तर लगेच बंद करतो."

"बंद करा की. मला कशाला विमा?"

त्यांनी कपाटातून कार्ड काढलं, चष्मा लावला, त्याच्यावरचे आकडे सावकाश वाचून दाखवले. मग मोबाइलवर आलेला ओटीपीही सांगितला. समोरच्यानं अदबीनं नमस्कार करून फोन ठेवला. पाचच मिनिटांत मेसेज आला, की त्यांच्या कार्डावर कुणीतरी दिल्लीत महागडे मोबाइल घेतले आहेत.

तक्रार लिहून घेताना हवालदार म्हणाला, "काका, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून त्या मेसेजातच लिहिलेलं असतंय. वाचलं न्हाई व्हय?" जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींतल्या चुका काढलेल्या माणसाला मान वर करता येईना. ओटीपी तुम्हीच दिला म्हणून बँकेनंही हात वर केले.

निशिगंधा धावत आली. "बाबा, अनोळखी नंबर उचलायचाच नाही. परत परत आला तर सरळ ब्लॉक करायचा." ब्लॉक कसं करायचं तेही तिनं शिकवलं. कृष्णातनी ते व्रतासारखं पाळलं. गॅसवाला फोन करून करून परत गेला, तरी त्यांनी उचलला नाही.

कुरुंदवाडच्या थोरल्या बहिणीला, धोंडुआक्काला, मात्र त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. आई लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलेलं. तिच्यापुढं एवढं येडं ठरायची त्यांना लाज वाटली.

जुलैत एकदा सकाळी नऊच्या सुमारास मोबाइल वाजला. नंबर अनोळखी. कृष्णातनी कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी तो ब्लॉकच केला. "आता न्हाय फसायचा बेट्या," असं म्हणून चहा ठेवला.

दुपारी निशिगंधाचा फोन आला. ती रडत होती. आक्काच्या छातीत कळ आली म्हणून शेजारच्या शाहिस्तानं तिला रिक्षात घालून जयसिंगपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. गडबडीत आक्काचा मोबाइल घरीच राहिला. आक्काला पाठ असा एकच नंबर होता, भावाचा. शाहिस्ता आपल्या मोबाइलवरून तोच लावत राहिली. आक्कानं प्राण सोडल्यावर शाहिस्तानं घरून तिचा मोबाइल आणवला, तेव्हा त्यात निशिगंधाचा नंबर सापडला.

कृष्णात पोहोचले तेव्हा शाहिस्ता दवाखान्याच्या पायरीवर बसून होती.

"काय बोलली का गं?"

"तुमचीच वाट बघत हुत्या, मामा. उचलंनात म्हणून मी म्हणलं, दुसरा कुणाचा तरी सांगा. तर म्हणल्या, कामात असंल, परत लाव. त्यानं फोन उचलला न्हाय असं कदी झालं न्हाय. मग मी परत लावला, तर फोन लागलाच न्हाय."

कृष्णात तिच्याशेजारी पायरीवरच बसले.

संध्याकाळी निशिगंधा पुण्याहून आली. आत्याचं तोंड बघून बाहेर आली आणि बापाचा हात धरला. "मीच तुम्हाला उचलू नका म्हटलं होतं. आत्याला कळलं होतं का हो, तुम्ही फोन कट करताय ते?"

"न्हाई बाळा," कृष्णात म्हणाले. "तिला शुद्धच नव्हती."

शाहिस्तानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि ती चपला घालून रिक्षा बघायला गेली.