संदेशची किक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्याएवढं मोठं आहे का ते, हेही कळत नाही – टीव्हीवरच्या कुस्तीतली एक किक, बस. पण तुम्हाला सांगतो.

मुलुंडला आमच्या कॉलनीत तेव्हा नुकतीच केबल आली होती. परदेशी पैलवानांच्या कुस्त्या संपल्या की आम्ही पोरं गच्चीवर जुन्या गाद्या टाकून त्याच खेळायचो. अर्थात खोट्या. मारणाऱ्याने लागू द्यायचं नाही, खाणाऱ्याने लागल्यासारखं पडायचं – सगळी गंमत त्यातच. केसांत कापूस, सोललेली कोपरं, खालून आयांच्या हाका. झकास दिवस होते.

संदेश माझा जिवलग दोस्त. त्याची स्वतःची एक किक होती. गिरकी घेऊन पाय थेट समोरच्याच्या हनुवटीपर्यंत न्यायचा, बोटभर अलीकडे थांबवायचा आणि त्याच क्षणी स्वतःच्या मांडीवर अशी थाप मारायचा की वाटावं, जबडाच गेला. तिचं नाव ‘चेकनाका’ – तिथे आलं की सगळ्यांनाच थांबावं लागतं म्हणून. आणि ती माझ्याइतकी छान कुणी खायचं नाही. मान मागे फेकून मी असा कोसळायचो की – अजून अभिमान वाटतोय का मला त्याचा? असेल.

गणपतीच्या कार्यक्रमात आमची कुस्ती ठेवली गेली. तालीम बघायला माझे बाबा आले. संदेशची किक बघून म्हणाले, "पोरात दम आहे." माझ्याबद्दल ते असं कधी बोलले नव्हते. पडणाऱ्याकडे कोण बघतं?

कार्यक्रमाच्या दुपारी संदेश मला म्हणाला, "आज माझे पप्पा येतायत यार." त्याचे पप्पा गिरणी बंद पडल्यावर स्कूलबस चालवायचे. या कुस्तीला ते त्यांच्या मालवणीत ‘सोंगां’ म्हणायचे. पण आले. इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले.

संदेशने गिरकी घेतली. पाय आला, थाप वाजली. मी उभाच राहिलो.

नुसता उभा नाही – लोकांकडे बघून मी शर्टावरची धूळ झटकली. हशा पिकला. संदेश हळूच म्हणाला, "पड ना रे." त्याने परत किक मारली. मी परत उभा. तिसऱ्यांदा त्याचा तोल गेला आणि तोच गादीवर आपटला. मंडप हसून हसून लोळत होता. त्याचे पप्पा उठून निघून गेले.

ऐनवेळी काहीतरी झालं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. त्याने "पप्पा येतायत" म्हटलं ना, तेव्हाच मी ठरवलं होतं.

रात्री त्याला म्हणालो, "तुझा पाय लांब राहिला रे. पडलो असतो तर लोकांना कळलं असतं." त्याने ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर खडूने अंतर आखत बसला होता. मला बघून म्हणाला, "सॉरी यार, माझ्यामुळे वाट लागली."

मी त्याला म्हटलं, "असू दे." म्हणजे – मी त्याला माफ केलं.

त्यानंतर तो कधी गादीवर उतरला नाही. दोस्ती मात्र राहिली, आजही आहे. परवा घरी आला तेव्हा माझ्या मुलीला तो किस्सा रंगवून सांगत होता. "तुझ्या बाबाची काही चूक नव्हती गं, मलाच अंतर कळलं नाही." मग पोट सावरत हॉलमध्ये उभा राहिला, मला समोर उभं केलं आणि पाय कसाबसा माझ्या छातीपर्यंत आणला.

"बघ रे, आता बरोबर आहे का अंतर?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो, "आता बरोबर आहे."

तेव्हाही बरोबरच होतं.