मागच्या चाकांचं सुतक

बातमी आली तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात जेवणाच्या रांगेत उभा होतो. आमच्या गाडीवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काळा चौकोन पडला आणि त्याखाली ॲडमिनसरांचं एकच वाक्य: "संपलं सगळं." मला वाटलं, कुणीतरी गेलं. ताट हातात धरून मी उभ्या उभ्या खाली वाचत गेलो. एका जर्मन कंपनीने जाहीर केलं होतं की त्यांच्या छोट्या, तापट हॅचबॅकची नवी आवृत्ती मागच्या चाकांवर चालणार नाही. इंजिनाची ताकद आता पुढच्या चाकांना मिळणार. शिवाय सहा सिलिंडरचं मोठं इंजिन जाऊन तिथे चार सिलिंडरचं लहान इंजिन येणार.

ही गाडी भारतात कधी विकायलाच आली नव्हती. आमच्यापैकी एकानेही ती चालवलेली नव्हती, बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेलीही नव्हती. तरी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दीडेकशे मेसेज झाले होते. कुणी म्हणालं, आता गाड्या घेण्यात अर्थ नाही. कुणी म्हणालं, हिशेबनीसांनी इंजिनिअरांचा गळा घोटला. मीही लिहिलं, "एका युगाचा अंत." त्यावर सात जणांनी हात जोडले. माझी स्वतःची गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे तिच्यात भाजीची पिशवीसुद्धा तिरकी ठेवावी लागते, हे त्या वेळी कुणाला आठवलं नाही. मलाही नाही.

ॲडमिनसर कोथरूडचे, पन्नाशीचे. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेली. सगळे त्यांना सर म्हणत, कारण त्यांना सगळं माहीत असे. गाडी त्यांची ऑटोमॅटिक होती आणि बहुतेक वेळा वहिनीच चालवत, पण हा तपशील ग्रुपवर काढण्याची पद्धत नव्हती. सरांनी कंपनीला इंग्रजीत चार पानी पत्र लिहिलं. "पुण्यातील जाणकार चालकांच्या वतीने" अशी त्याची सुरुवात होती. दोन दिवसांनी उत्तर आलं: आमचे ग्राहक असल्याबद्दल आभार, जवळच्या शोरूमला अवश्य भेट द्या.

मी ते बायकोला दाखवलं.

"तुम्ही त्यांचे ग्राहक कधी झालात?" तिने विचारलं.

मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. मागच्या चाकांनी ढकललं की पुढची चाकं फक्त वळण्यासाठी मोकळी राहतात. गाडी हातात खेळते. चालवणाऱ्याला रस्ता कळतो.

"म्हणजे रिक्षासारखं," ती म्हणाली आणि कुकरकडे गेली.

हे तिथेच संपलं असतं. पण दीडेक वर्षाने स्वारगेटजवळच्या एका गॅरेजवाल्याने सरांना सांगितलं की अशी एक जुनी गाडी पुण्यात आहे. हिंजवडीच्या पलीकडे, नुकत्याच शहरात घेतलेल्या एका गावात, एका शेतकऱ्याकडे. एका बिल्डरने परदेशातून आणलेली, जमिनीच्या व्यवहारात शेतकऱ्याला मिळालेली. सरांचा आवाज फोनवर कापत होता. "अहो, मागच्या चाकांवाली. सहा सिलिंडर. आपल्या पुण्यात."

रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. सर, मी आणि आमच्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करणारी नागपूरची एक मुलगी. ती ग्रुपवर फारशी बोलत नसे. लहानपणापासून वडिलांच्या ट्रान्सपोर्टच्या धंद्यात वाढलेली, ट्रकपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं चालवलेली. सरांनी तिला बरोबर घेतलं ते "नव्या पिढीला कळलं पाहिजे" म्हणून. वाटेत त्यांनी तिला मागच्या चाकांचा इतिहास सांगितला. तिने एकदा विचारलं, "सर, तुम्ही कोणती चालवली होती?" सर म्हणाले, "चालवणं वेगळं आणि समजणं वेगळं."

शेतकरी म्हणजे चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस. तीन मजली बंगला, शेजारी गोठा, समोर सिमेंटचा अर्धवट रस्ता. गाडी गोठ्याच्या पत्र्याखाली उभी होती. तिला वरपासून खालपर्यंत काळी फिल्म लावलेली, कंपनीचं चिन्ह काढून टाकलेलं, दिवेसुद्धा काळे केलेले. सर तिच्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी खरोखरच चपला काढल्या. मला हसू आलं नाही, हे कबूल करतो. मी मोबाईल काढून त्यांचा फोटो घेतला.

"चपला कशाला काढताय? शेण हाय तिथं," शेतकरी म्हणाला.

चहा झाला. सरांनी त्याला विचारलं, ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी चालवताना त्याला काय वाटतं.

"मला काय वाटायचं? कारखान्यावर जातो, बाजारला जातो. पळती चांगली." मग त्याने चावी पुढे केली. "घ्या की. चक्कर मारा. फक्त त्या नव्या रस्त्यावर मारा, गावात पोरं असत्यात."

सरांनी तिथे एक चूक केली. हा अनुभव नवख्या हातापासून सुरू करून जाणत्या हातात संपावा, असं म्हणून त्यांनी पहिली पाळी त्या मुलीला दिली. शेतकरी तिच्या शेजारी बसला, आम्ही दोघं मागे. आत मोठा स्क्रीन होता. जुन्या गाडीत एवढा स्क्रीन कसा, असं माझ्या मनात आलं, पण सर म्हणाले, "नंतर बसवून घेतला असणार. लोक वाट लावतात." बॉनेट एकदा उघडून बघू का, असंही मी म्हणालो होतो. त्यावर सर म्हणाले, "अशी गाडी उघडून बघायची नसते. चालवून ओळखायची असते."

रिकाम्या रस्त्यावर तिने गाडी सोडली. जोर एवढा की माझं डोकं मागच्या सीटला टेकलं. इंजिनाचा भरदार आवाज आत घुमला. सरांनी डोळे मिटले. "ऐका," ते म्हणाले. "हे सहा सिलिंडर. चार सिलिंडरमधून हा आवाज सात जन्मात येणार नाही."

मुलगी म्हणाली, "सर, स्टिअरिंग ओढून राहिलंय. पाय जोरात दाबला की हातातून डावीकडे पळतं. गाडी पुढून ओढतेय."

सर डोळे न उघडता हसले. मग पुढची पाच मिनिटं त्यांनी तिला समजावलं. टायरची हवा कमी-जास्त असेल. रस्त्याला उतार असेल. शिवाय ज्यांना आयुष्यभर पुढच्या चाकांच्या गाड्यांची सवय असते, त्यांच्या हातांना सुरुवातीला असा भास होतो. "हात विसरावे लागतात," ते म्हणाले. "पाठीने ऐकायचं. आत्ता बघ, मागून कुणीतरी ढकलतंय असं वाटतंय की नाही?" तो शेवटचा प्रश्न मला होता.

"हो सर," मी म्हणालो. "स्पष्ट."

मला काहीही वाटत नव्हतं.

मुलीने गाडी बाजूला घेतली आणि उतरून जागा दिली. सर बसले. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले, आणि दोन वेळा रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. फार जोरात नाही. वळताना मात्र दर वेळी बोलत होते. आता शेपूट हलली. आता पुढची चाकं कशी मोकळी आहेत, बघा. हा तोल जर्मन माणसाने तीस वर्षं जपला आणि आता चार पैशांसाठी फेकून दिला. परत गोठ्यापाशी आल्यावर आम्ही सगळे उतरलो, पण त्यांनी इंजिन चालूच ठेवलं, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून थोडा वेळ बसून राहिले. त्यांचे डोळे ओले झाले होते. हे मी थट्टेने सांगत नाही. खरंच झाले होते.

"तुम्ही भाग्यवान आहात," ते शेतकऱ्याला म्हणाले. "ही शेवटची."

"शेवटची कशी? ही नवीच हाय," शेतकरी म्हणाला. "जुनी बिल्डरनं नेली दिवाळीला. मागल्या सीटला पाय मावत न्हवते. आई बसायची न्हाय तीत. मग त्यानं ही आणून दिली. बाहेरनं सेमच दिसती."

गोठ्यात म्हशीने शेपटी झाडली. सर म्हणाले, "पण आवाज..."

"तो व्हय? तो स्पीकरमधनं येतो." शेतकऱ्याने खिडकीतून हात घालून स्क्रीनवर दोनदा बोट टेकवलं. भरदार आवाज बंद झाला. मागे राहिली ती कुठल्याही पेट्रोल गाडीची साधी घुरघुर. "आईला तरास व्हतो म्हणून आम्ही बंदच ठेवतो. तुम्ही येणार म्हणून चालू केला."

मग त्याने आपण होऊन बॉनेट उघडलं. इंजिन आडवं बसवलेलं होतं, पुढच्या चाकांच्या गाडीत बसवतात तसं. छोटं, चार सिलिंडरचं. मुलगी वाकून बघत होती. शेतकरी तिला म्हणाला, "ताई, तुम्ही बरुबर बोलला. वढतीच ही. मी बी हात घट धरतो."

परतीच्या वाटेवर वाकडपाशी सिग्नलला थांबल्यावर सर म्हणाले, "ग्रुपवर मी लिहितो. तुम्ही घाई करू नका."

त्यांनी रात्रीपर्यंत लिहिलं. पोस्ट लांब होती. जर्मन अभियांत्रिकी किती पुढे गेली आहे की पुढच्या चाकांची गाडीसुद्धा जाणकाराला मागच्या चाकांचा भास देते, आणि हीच या क्षेत्रातली खरी शोकांतिका आहे, असा एकूण सूर होता. बरोबर कोण होतं, कोण काय म्हणालं, याचा उल्लेख नव्हता. चपला काढलेला त्यांचा जो फोटो मी घेतला होता, तो त्यांनी मागवून घेतला आणि तोच खाली लावला. बावीस जणांनी हात जोडले. मीही जोडले.

सोमवारी कंपनीच्या बसमध्ये ती मुलगी माझ्या शेजारी आली. बस भूमकर चौकात रुतलेली होती, बोलायला भरपूर वेळ होता. मी म्हणालो, "काल तुझंच बरोबर होतं."

"माहीत आहे मला."

"मग जोर देऊन बोलायचंस ना."

"मी बोलली होती. तुम्हीच तर हो सर म्हणत होते." तिने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला उत्तर सुचलं असतं. "तुम्हाला खरंच काही वाटलं होतं का पाठीला?"

"नाही."

"मग काहून म्हटलं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शेजारच्या रांगेतली एक महागडी स्पोर्ट्स कार, एक टँकर आणि आमची बस, तिघंही सारख्याच वेगाने उभी होती. मग ती म्हणाली की शेतकऱ्याच्या बायकोला गाडी शिकायची आहे आणि तिने पुढच्या रविवारी शिकवायला येईन असं कबूल केलं आहे. नंबर तिने निघतानाच घेतला होता, आम्ही दोघं गाडीत तोंड फिरवून बसलो होतो तेव्हा. त्या आठवड्यातच ती ग्रुप सोडून गेली. कारण दिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

यंदा सरांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली. वहिनींनी निवडलेली, पांढरी. पेढे घेऊन ते घरी आले, तेव्हा मला चक्कर मारायला घेऊन गेले. गाडी अलगद, झपाट्याने पुढे जात होती. मी मोबाईलवर तिची माहिती काढली आणि त्यांना सांगितलं, "सर, हिची मोटर मागे आहे. ही मागच्या चाकांवर चालते."

सरांनी वेग कमी केला. कर्वे रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन ते क्षणभर थांबले.

"असेल," ते म्हणाले. "पण त्याला काय अर्थ आहे? हिला इंजिनच नाही."

मी म्हणालो, "हो सर."