जोडावरचा नंबर

पेणच्या खारपट्टीतला हिराजी म्हात्रे रोह्याच्या एका केमिकल कंपनीत वेल्डर होता. पाइपाच्या प्रत्येक जोडाशेजारी तो पोलादी पंचानं आपला नंबर ठोकायचा, सतरा. वीस वर्षांत त्याचा एक जोड कधी गळला नाही.

सत्त्याण्णव साली कंपनीतले व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवर चालू लागले. एका सकाळी प्रोग्राम चुकला, व्हॉल्व्ह उघडलाच नाही. दाब वाढून पाइप फाटला आणि दोघे भाजले. हिराजीचा जोड मात्र शाबूत होता.

चौकशीत त्यानं विचारलं, "सायब, ह्यो प्रोग्राम तपासला कोनी? त्याचा नंबर कुठं हाय?"

"चूक काढून नवा टाकलाय," साहेब म्हणाले. "आता तो विषय नको."

पण दोन माणसं भाजली होती, कागदावर कुणाचा तरी दोष दाखवणं भाग होतं. त्या फाटक्या पाइपावर शोधून शोधून नंबर सापडला तो एकच.

हिराजीला घरी बसवलं.