गुलाल लागलेला स्वाध्याय

वडणगं मागं पडलं तेव्हा सात वाजून गेले होते आणि संघप्रिया मॅडम अजून चार शब्दही बोलल्या नव्हत्या.

गोष्ट दोन हजार आठची. माघातल्या पाच रविवारी कोल्हापुरातनं चालत जोतिबाला जायचं, त्याला आम्ही खेटे म्हणतो. लग्न झाल्यापासून मी ते चुकवलेले नाहीत. मॅडम बौद्ध. त्या देवळात जात नाहीत आणि मीही त्यांना कधी चला म्हटलं नाही. पण शनिवारी ऑफिसातनं निघताना त्याच म्हणाल्या, "वैनी, उद्या मी बी येते. गायमुखापर्यंत." गायमुख म्हणजे डोंगराच्या चढणीवर, देवळाच्या अलीकडं.

हा तिसरा खेटा होता. सोमवारी पुण्याच्या मुख्य कार्यालयातली दोन माणसं त्यांच्या चौकशीला येणार होती. आणि ज्या गोष्टीची चौकशी, ती गोष्ट मी केली होती. हे मला माहीत होतं आणि माझ्या जोतिबाला. मॅडमना माहीत नाही, अशी माझी समजूत होती.

मी एका शिक्षणसंस्थेच्या कोल्हापूरच्या केंद्रात लिपिक होते, मॅडम तिथं शिकवायच्या. बालविकासाची पदविका, घरबसल्या, इंटरनेटवरनं, अशी आमच्या संस्थेची जाहिरात होती. पण राधानगरीच्या पलीकडं कुठलं इंटरनेट आणि कुठली वीज? बायका उत्तरं कागदावर लिहायच्या आणि एस्टीच्या कंडक्टरकडं द्यायच्या. मी स्टँडवर जाऊन पाकिटं घ्यायची, स्कॅन करायची आणि कॉम्प्युटरवर चढवायची. पुण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसायची ती फक्त चढवल्याची तारीख आणि वेळ.

मॅडम मूळच्या कागलच्या. वडील साखर कारखान्याच्या यार्डात मजूर. मॅडमनी एम.ए. केलं, आणि अकरा वर्षं तीन कॉलेजांत तासावर शिकवलं. जूनमध्ये घ्यायचे, मार्चमध्ये सोडायचे. हे ऑनलाइनचं काम म्हणजे त्यांना पहिल्यांदाच सलग तीन वर्षांच्या नेमणुकीचं पत्र मिळालेलं. पत्राबरोबर बत्तीस पानांची नियमावली आली, ऑनलाइन शिकवणाऱ्यांनी कसं वागायचं आणि गुण कसे द्यायचे त्याची. मॅडमनी तिला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं, वर लेबल लावलं. विचारलेल्या प्रश्नाला दोन दिवसांत उत्तर. प्रत्येक स्वाध्यायाखाली कमीत कमी तीन ओळींचा शेरा. दोघींची उत्तरं सारखी निघाली तर दोघींना शून्य. उशीर झाला तर दिवसाला दहा गुण कमी, आणि तीन दिवसांच्या पुढं गेलं की शून्य. सगळं पाठ होतं त्यांना. पडद्यावर वाचायच्या नाहीत, माझ्याकडनं मूळ कागद मागून घ्यायच्या. आधी शिसपेन्सिलीनं गुण लिहायच्या, दुसऱ्या दिवशी परत वाचून मग एका बोटानं कॉम्प्युटरवर भरायच्या. मी चेष्टा करायची, "मॅडम, बत्तीस पानं पाठ करण्यापरास हरिपाठ केला असता तर पुण्य तरी लागलं असतं." त्या म्हणायच्या, "आणि पगार कुनी दिला असता? तुमचा जोतिबा?"

तानाबाई त्यांची विद्यार्थिनी. अंगणवाडी सेविका, वय चव्वेचाळीस. या वर्षी पदविका झाली नाही तर वरच्या जागेसाठी वयात बसणार नव्हती. तिचा शेवटचा स्वाध्याय शनिवारी पाच वाजेपर्यंत चढायला हवा होता. तिनं तो शुक्रवारीच गणपतराव कंडक्टरकडं दिला. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि वर एक नारळ. "तानाबाईनं दिलाय. वैनी खेट्याला जाणार न्हवं, तेवढा देवाला वाढवा म्हनली."

देवाचा नारळ इकडंतिकडं ठेवायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. मी पाकीट आणि नारळ एकाच पिशवीत घातलं, घरी नेलं आणि पिशवी देवघरात ठेवली. शनिवारी ऑफिसात ड्रॉवरमधली नऊ पाकिटं चढवली. दहावं डोक्यातनं गेलंच. रविवारी पहिला खेटा. तीच पिशवी खांद्याला लावून डोंगर चढले, नारळ वाढवला, गुलाल उधळला आणि घरी आले. पुढच्या खेट्याला पिशवी धुवायला काढली तो बुधवार. तळाशी पाकीट.

पाकीट उघडलं. पानं झटकली, फडक्यानं पुसली, स्कॅन केली आणि मॅडमना सांगितलं, "पाकीट शुक्रवारीच आलं हुतं. सर्व्हर बंद पडला हुता."

त्यांनी कागद उलटसुलट केले. माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी बहात्तर गुण भरले आणि शेऱ्यात लिहिलं, स्वाध्याय केंद्रात शुक्रवारी हातात पोचला आहे, सबब कपात केलेली नाही. 'तिसऱ्या उत्तरात तुम्ही तुमच्या अंगणवाडीतल्या न बोलणाऱ्या मुलीबद्दल लिहिलंत, ते पुस्तकात नाही,' असंही लिहिलं.

पुण्याहून पत्र आलं. त्याच शनिवारी त्याच कॉम्प्युटरवरनं नऊ स्वाध्याय चढले, म्हणजे सर्व्हर चालू होता. मग एकीलाच सवलत का? मॅडमनी खुलासा द्यावा, नाहीतर त्यांची शिकवण्याची मान्यता रद्द.

खेट्याच्या आदल्या दुपारी केंद्रप्रमुख बाळासो सरांनी मॅडमना बोलावलं. फायली द्यायला मीही आत होते.

"एक सही करा मॅडम. बहात्तरचं शून्य. चूक झाली म्हणा, फाईल बंद करतो."

"चूक कुनाची, सर?"

"कुनाची का असंना. कॉम्प्युटर बुधवार दावतोय."

"पाकीट शुक्रवारी आलंय."

"आलंय म्हंजे कुठं आलंय? मला पडद्यावर दावा की." मग त्यांनी आवाज जरा खाली आणला. "अकरा वर्सं रोजंदारी केलीसा. आता कुठं बूड टेकलंय. एका बाईपायी घालवताय व्हय?"

मॅडमनी पेन उचललं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते सरांच्या टेबलावर नीट सरळ ठेवलं. "सोमवारी त्यांच्याम्होरं सांगते, काय सांगायचं ते."

मी तिथं बोलायला हवं होतं. मी फायली टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आले. आमच्या ह्यांची गिरण बंद होऊन दोन वर्षं झाली होती, घर माझ्यावर होतं. संध्याकाळी तानाबाईचा फोन आला. "वैनी, नारळ वाढवलासा न्हवं? मग काय काळजी न्हाय." मी व्हय म्हटलं आणि फोन ठेवला.

निगवं आलं. कुशिऱ्याच्या अलीकडं ऊन पाठीवर आलं. पुढं चाललेली माणसं "चांगभलं" म्हणत होती, माझ्या तोंडातनं ते निघत नव्हतं. तेवढ्यात मॅडम बोलायला लागल्या, माझ्याकडं न बघता.

"ब्याण्णव साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हुते. परीक्षेचा फॉर्म माझ्या बापानं कागलातनं येऊन कॉलेजात दिला, एका क्लार्कच्या हातात. मुदतीच्या दोन दिस आधी. त्यो टेबलावरच ऱ्हायला. मी विचाराय गेले तर क्लार्क म्हनला, तुज्या बापानं दिलाच न्हाय."

"मग?"

"मग काय. वर्स गेलं. वर्साचं काय एवढं न्हाय, भरून निघतंय. पर गल्लीत सगळी म्हनायची, पोरगीचा फॉर्म इसरून आला, पिऊन पडला आसंल. माझ्या बापानं कधी दारूला हात लावला न्हवता. मरंस्तवर त्यो मला म्हनायचा, प्रिया, मी दिला हुता गं. मी म्हनायची, मला म्हाईत हाय आन्ना. पर त्याला माझं म्हननं न्हवतं पायजे. त्या क्लार्कचं पायजे हुतं."

मी पायाखालच्या धोंड्यांकडं बघत चालले होते. चढण लागली. गायमुखाजवळ त्या थांबल्या, एका दगडावर बसल्या आणि पिशवीतनं ती खाकी कव्हराची नियमावली काढली. तिच्यात तानाबाईचे कागद घडी घालून ठेवलेले होते. तिसरं पान त्यांनी माझ्यापुढं धरलं. कडेला बोटभर गुलाबी डाग होता. मी पुसलेला, तरी राहिलेला.

"राधानगरीकडं पाकिटात गुलाल भरून देत न्हाईत," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमाला पयल्या दिवसापासनं..."

"व्हय."

"मग सरांना का न्हाय सांगितलासा?"

"मी सांगितलं तर मी तुमच्यावर ढकलतीया म्हनतील. आनि वैनी, ते माझं सांगायचं न्हवंच."

त्यांनी नियमावलीच्या शेवटी असलेला एक कोरा कागद हलक्या हातानं फाडला. कव्हरातली शिसपेन्सिल काढून परत ठेवली आणि बॉलपेन दिलं.

"वर जाऊन या. घाई न्हाय, मी हितंच बसते. खाली आलासा की ह्यावर लिवून द्या. सर्व्हरचं नगं. पाकीट शुक्रवारी किती वाजता घेतलं, कुटं ठेवलं, कदी सापडलं. नारळाचं बी लिवा, लाजू नगा. खाली तुमची सही. मला वाचवायला म्हनून नगं. तानाबाईनं येळेत दिला हुता, एवढं तिला कुनीतरी कागदावर दिलं पायजे."