नवा पडदा आणि रिकामं बाकडं

बसस्थानकातल्या कॅमेऱ्यांच्या खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे घार म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे घार. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कोणाची पिशवी कोणी उचलली, कोणता ड्रायव्हर फलाटाच्या आडोशाला सिगरेट ओढतोय, कोणत्या झाडूवालीने कचरा खांबामागे सारला, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटत नसे. माणूस पाठमोरा असला तरी ती त्याला चालीवरून ओळखे. "चेहऱ्यावरून काय, कोणीही ओळखेल," असं ती म्हणे, आणि ते म्हणताना तिचं नाक जरा वर जाई.

गंमत अशी की हीच बाई लहानपणी फळ्यावरचं एक अक्षर वाचू शकत नव्हती. मास्तर तिला ढ म्हणायचे. आईला वाटायचं, अभ्यास नको म्हणून पोर सोंग करतेय. खरा प्रकार शोधून काढला तो थोरल्या बहिणीने. ताईने अंगणाच्या पार टोकाला उभं राहून बोटं वर केली आणि विचारलं, "किती?" धाकटीने अंदाजपंचे सांगितलं, ते चुकलं. पुन्हा विचारलं, पुन्हा चुकलं. दुसऱ्याच दिवशी ताईने कारखान्यातली पाळी बुडवली आणि तिला बसने गावाच्या त्या टोकाच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. चष्मा लावून परत येताना धाकटीने खिडकीतून दिसेल ती पाटी मोठमोठ्याने वाचली आणि अख्ख्या बसला वैताग आणला. ताईने एकदाही तिला गप्प बस म्हटलं नाही.

आता त्याच ताईच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली होती. गॅस चालू राहायचा, नळ चालू राहायचा, कधी स्वतःचंच घर समोर असून ती दुसऱ्याचं दार वाजवायची. दोघींशिवाय घरात तिसरं माणूस नव्हतं. मग घार तिला रोज सोबत आणू लागली. कॅमेऱ्यांच्या खोलीबाहेर एक बाकडं होतं, दाराच्या वरच्या कॅमेऱ्यात बरोबर दिसणारं. ताई तिथे राखाडी स्वेटर घालून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करायची. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातला वरचा चौकोन तिचा. साहेबांना हे माहीत होतं, पण त्यांनी कानाडोळा केला होता. त्यामुळे घारीचा एक डोळा फलाटांवर असे आणि दुसरा ताईवर.

त्या दिवशी सकाळी नवा मॉनिटर आला. जुना चौकोनी होता, मधेच थरथरायचा. नवा चांगला लांबरुंद. स्टोअरवाल्याने तो टेबलावर मांडला, जुनीच निळ्या तोंडाची वायर मागे खुपसली, स्क्रू पिळले आणि म्हणाला, "दिसतंय ना? मग झालं." कागदावर सही घेऊन तो गेला.

दिसत होतं, पण काय दिसत होतं म्हणून सांगावं? अक्षरं फुगलेली, चेहरे ओल्या बोटाने पुसल्यासारखे, आणि माणसं सगळी आडवी वाढलेली. सफाईची मुकादम खोलीत डोकावली. मूळची चांगली भरलेली बाई, अंगात स्थानकाचं निळं जाकीट, घारीचं मागच्या खिळ्याला लटकत होतं तसंच. घार रेकॉर्डिंग मागे नेऊन पडदा तपासत होती, त्यात मघाचं आपलं येणं तिने पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला.

"मी एवढी सुटलेय?"

"थोडी तू, थोडा पडदा," घार म्हणाली.

दोघी हसल्या. पण डोळा मोठा लबाड असतो. दोन-तीन तास एखादी गोष्ट बघितली की तो तीच खरी धरून चालतो. दुपारपर्यंत घारीला माणसं जाड दिसायची बंद झाली. अस्पष्टपणाने मात्र तिचं डोकं उठवलं होतं. बसच्या पाट्या वाचता येईनात. झूम केलं तर नुसते चौकोन. मुख्य कचेरीतल्या कंप्युटरवाल्याला तिने फोन लावला. तो म्हणाला, रिझोल्यूशन कमी पडलंय, सेटिंगमध्ये जाऊन वाढवा. ती गेली. यादीत दोनच आकडे होते, दोन्ही लहान. त्याने सांगितलं, मशीन बंद करून चालू करा. केलं. पुन्हा तेच. वायर घट्ट करून बघा म्हणाला, आणि त्याचा दुसरा फोन वाजला.

घार टेबलाखाली शिरली. धुळीने शिंका, डोक्याला टेबलाची कड, आणि हातात न सापडणारा स्क्रू. तिच्या नाकावर राग होताच, आता तो पार मस्तकात गेला.

"काय गं, काय झालं?" दारातून ताईचा आवाज आला.

"काही दिसत नाहीये मला," घार खालूनच खेकसली. "सकाळपासून काही म्हणजे काही दिसत नाहीये. तू बस जाऊन बाहेर."

स्क्रू पिळून, गुडघे झटकत घार उठली. पडदा होता तसाच होता. सवयीने तिची नजर डाव्या कोपऱ्यात गेली. बाकडं रिकामं होतं.

ती बाहेर धावली. बाकड्यावर ताईची पाण्याची बाटली होती, ताई नव्हती. फलाटावर चार बस लागलेल्या, संध्याकाळची गर्दी जमू लागलेली. तिने हाक मारली. चार-पाच अनोळखी बायका वळल्या, जिने वळायला हवं होतं ती नव्हतीच.

दारावरच्या शिपायाला तिने सांगितलं, "हडकुळी आहे, राखाडी स्वेटर, पांढरे केस." भोंग्यावरून तेच वर्णन तीनदा सांगितलं गेलं. मग ती खोलीत येऊन बसली आणि तिने बाकड्याचं रेकॉर्डिंग मागे नेलं. ताई उठते, दाराकडे येते, कॅमेऱ्याच्या खाली येते आणि दिसेनाशी होते. हे मघाचं, ती दारात आली तेव्हाचं. त्यानंतर थोड्या वेळाने दारातून निळ्या जाकिटातली एक जाड बाई बाहेर पडते, जाकिटाची टोपी डोक्यावर ओढलेली, पाठमोरी. मुकादम. ती तर दिवसभर आत-बाहेर करतच असते. घारीने रेकॉर्डिंग पुढे सरकवलं. राखाडी स्वेटर कुठेच बाहेर पडला नव्हता.

म्हणजे ताई आतच कुठेतरी आहे. दाराला लागूनच एक बोळ होता, कॅमेऱ्याच्या खालून जाणारा, थेट गॅरेजात निघणारा. तिथे बस मागे घेतात, आणि मागे घेताना ड्रायव्हरला चाकामागचं काही दिसत नाही.

तिने कंट्रोलरला फोन केला. कंट्रोलर म्हणजे सगळ्या बस सोडणारा माणूस. तो तिच्या डोळ्यांचा मान ठेवणारा. तिने बोळ म्हटलं म्हणजे बोळच. त्याने गॅरेजातल्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबवल्या. मेकॅनिक टॉर्च घेऊन गाड्यांच्या खाली वाकले. शिपाई गेला, झाडूवाल्या गेल्या. जो तो गॅरेजात. घार स्वतः दोन रांगा फिरून आली. तेलाचा वास, काळे खड्डे, आणि प्रत्येक खड्ड्यात वाकून बघताना जीव नुसता टांगणीला. ताई नव्हती.

परत येताना तिला मुकादम भेटली, हातातून पाणी निथळत असलेली.

"मघाशी तू माझ्या खोलीतून निघालीस, तेव्हा ताई कुठे होती?"

"मी कुठे आले तुमच्या खोलीत? सकाळी आले तेवढंच. दुपारपासून पलीकडचे संडास धुवायला घेतलेत."

घार जागीच थांबली. मग ती जी धावली ती थेट खुर्चीवर, मुकादम तिच्या मागोमाग. तिने ती पाठमोरी बाई पुन्हा आणली. एकदा, दोनदा. पडद्याला नाक लावलं. निळ्या रंगाचा एक फुगीर ठोकळा हलत होता, बाकी काही नाही. जिच्या नजरेवर अख्खं स्थानक विसंबलं होतं, तिने त्या नजरेच्या भरवशावर सगळ्या माणसांना भलत्याच जागी जुंपलं होतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

तिने कंप्युटरवाल्याला फोन लावला. यावेळी तिने त्याला बोलूच दिलं नाही. "माझी बहीण हरवलीये. हा पडदा मला आत्ता स्वच्छ पाहिजे. रेकॉर्डिंग खराब झालंय का तेवढं आधी सांगा."

"रेकॉर्डिंग चांगलंच असणार," तो सावध होत म्हणाला. "आतलं चित्र स्पष्टच असतं, फक्त दाखवताना बिघडतंय. वायर कोणती लावलीय?"

"जुनी. निळी."

"मग तेच. त्या जुन्या वायरीतून पडदा आपलं माप मशीनला नीट कळवत नसणार. मशीन आपलं लहान चित्र पाठवतंय आणि ते ओढूनताणून बसवलं जातंय. नव्याच्या खोक्यात चपट्या तोंडाची वायर आली असेल बघा."

खोकं. सकाळी खोकं दाराशी होतं, आता नव्हतं. घारीने मुकादमकडे पाहिलं. मुकादमचा चेहरा पडला.

"मी कचऱ्यात दिलं," ती म्हणाली आणि वळून पळत सुटली. ती बाई पळताना कोणी पाहिली नव्हती.

तेवढा वेळ घार हातावर हात ठेवून बसून होती. फलाटावरच्या दिव्यांचे धुरकट ठिपके पडद्यावर पेटू लागले. बाहेर अंधार पडला तर ताई घाबरते. घाबरली की चालत सुटते, रस्ता बघत नाही.

मुकादम आली ती खोकं छातीशी धरून. थर्मोकोलच्या खाचेत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वायर तशीच होती. घारीने दातांनी प्लास्टिक फाडलं. निळी वायर काढली, चपटी लावली. पडदा काळाकुट्ट झाला. त्यावर 'सिग्नल नाही' असे शब्द फिरू लागले. आता फलाटही नाहीत, गॅरेजही नाही, काहीच नाही.

"गेलं," ती फोनवर म्हणाली.

"थांबा. मशीनच्या मागे वरच्या बाजूला लावलीत का? ती नाही. खाली आडवी पट्टी आहे, तिथे तशीच एक खाच आहे. तिच्यात लावा."

मुकादमने मोबाइलचा उजेड धरला. घारीची बोटं दोनदा घसरली, मग टोक खटकन आत बसलं. पडदा अजून काळाच.

आणि चित्र आलं. खांब सडपातळ झाले, बस आपल्या उंचीच्या झाल्या. दाराशी थांबवून ठेवलेली ती निळ्या जाकिटातली जाड बाई बारीक झाली. इतकी बारीक की जाकीट तिच्या खांद्यावरून ओघळत होतं आणि बाह्यांतून बोटांची टोकंही दिसत नव्हती. कोपरावर काळ्या दोऱ्याचं रफू होतं. ते रफू घारीने स्वतः केलं होतं. तिने मागे वळून भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. खिळा मोकळा होता. ती टेबलाखाली डोकं घालून बसली असताना ताई तिच्या पाठीमागे येऊन तिचं जाकीट घालून गेली होती.

पुढे मग घारीला कोणाची गरज लागली नाही. या कॅमेऱ्यातून त्या कॅमेऱ्यात ती ताईच्या मागे मागे गेली. डावा पाय किंचित ओढत ताई तिसऱ्या फलाटावर गेली, रांगेत उभी राहिली, दांडा धरून बसमध्ये चढली. बसच्या कपाळावरची पाटी आता लखलखीत वाचता येत होती. गावाच्या त्या टोकाला जाणारी बस होती ती. शेवटचा थांबा डोळ्यांचा दवाखाना, मोठ्या रस्त्याच्या काठावर.

"कंट्रोलर, माझं चुकलं. गॅरेजातून माणसं काढा," ती फोनवर म्हणाली आणि बसचा नंबर सांगितला. "कंडक्टरला विचारा, निळ्या जाकिटातली म्हातारी आहे का. शेवटच्या थांब्यावर तिला उतरू देऊ नका."

कंट्रोलरने दुसरा फोन लावला. घारीला त्याचं अर्धंच बोलणं ऐकू येत होतं. "हो. जाकीट. बघ पुढे जाऊन." मुकादमने घारीच्या खांद्यावर ओला हात ठेवला होता, तो तसाच राहिला.

"आहे," कंट्रोलर म्हणाला. "पुढच्या सीटवर. उतरायलाच उठली होती. जाकीट बघून कंडक्टरला वाटलं आपल्यातलीच आहे, म्हणून तिकीटही विचारलं नाही. त्याच गाडीने परत आणतोय."

घारीचा जीव भांड्यात पडला. "कुठे निघाली होती, काही बोलली?"

"म्हणतेय, धाकटीला सकाळपासून दिसत नाहीये. मास्तर मारतील तिला. चष्मा आणायला चाललेय."

घारीने फोन खाली ठेवला. तिला रडू कोसळलं, आणि ते तिने लपवलं नाही.

बस परत आली तेव्हा ती फलाटावर उभी होती. गर्दी उतरली, शेवटी ताई दाराशी आली, पण खाली उतरेना. टोपी मागे पडलेली, केस विस्कटलेले. पायरीवर उभं राहून तिने धाकटीला नीट न्याहाळलं. मग जाकिटाची लांब बाही मागे सारली आणि हात वर केला.

"किती?"

घारीचे डोळे भरून आले होते. समोर नुसतं ओलं ओलं काहीतरी हलत होतं.

"तीन," ती म्हणाली.

ताईने आपल्या बोटांकडे पाहिलं. दोन होती. ती कंडक्टरकडे वळली. "बघितलंत? मी म्हणत होते ना. गाडी वळवा, दवाखाना बंद व्हायच्या आत जाऊ."

कंडक्टर जमिनीकडे बघत राहिला. घार पायरीपर्यंत गेली. तिने ताईची ती दोन बोटं मुठीत धरली.

"आज उशीर झाला, ताई," ती म्हणाली. "उद्या ने मला."

"नेईन की," ताई म्हणाली आणि तिचा हात धरून खाली उतरली. "हात सोडू नकोस. पुढे पायरी आहे, तुला दिसायची नाही."