दुखानचा एक प्रश्न

१२ मार्च २०१९, सकाळी ६.१०. दोह्याच्या अल मुंतझा भागातून आमची गाडी निघाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या दुखानमध्ये, तेल कंपनीच्या वसाहतीत, वसुधा मॅडम मुलाकडे राहतात. संगणकाला मजकुराच्या ढिगातून नेमके उत्तर शोधायला शिकवणाऱ्या पहिल्या पिढीतल्या त्या संशोधक. कतारमधील मराठी कामगारांना सरकारी सूचना शोधून देणारी माझी प्रणाली चाचणीत प्रत्येक प्रश्नाला दहा उत्तरे देई आणि त्यांतली सरासरी नऊ उपयोगी ठरत होती. त्यावरचा शोधनिबंध संध्याकाळपर्यंत एका संशोधन परिषदेकडे पाठवायचा होता आणि सोबत मॅडमची शिफारस हवी होती.

अल रय्यानजवळ फुटबॉल विश्वचषकाच्या स्टेडियमवरचे क्रेन दिसू लागले आणि समोरचा रस्ताच संपला. फोनवरचा नकाशा मात्र सरळ जायला सांगत होता.

"त्याला काय ठावं, ताई? परवा हितं रस्ता व्हता," लातूरचे चालक बालाजीमामा हसले. "यल्ला (चला), मागं फिरू."

दुखानला मॅडमनी खबूस (भाजलेली अरबी रोटी) आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मामांनाही आग्रहाने शेजारी बसवले. संगणक छिद्रांच्या पंचकार्डांवर चालत त्या काळात मॅडम ग्रंथालयाच्या खिडकीशी उभ्या राहून प्रत्येक वाचकाला विचारत, "यातलं तुमच्या कामाचं कोणतं?" त्यांची सारी कारकीर्द या प्रश्नावर उभी राहिली.

निबंध चाळून त्यांनी विचारले, "उत्तर उपयोगी, हे ठरवलं कोणी?"

"मीच. पुण्यात."

"तुला इथे टॅक्सी चालवायचीय का गं? मामा, तुमचं खरंच अडलेलं काही विचारा हिच्या यंत्राला."

मामांना वाहन चालवण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे होते. माझ्या चाचणीतही तोच प्रश्न होता. दहापैकी नऊ उत्तरांपुढे मी 'उपयोगी' अशी खूण केली होती. मामांनी चष्मा चढवला.

"हे हापिस हाललं, आता तितं खड्डा हाय. ही जड गाडीवाल्यांची. ही इंग्रजीत, मला काय कप्पाळ कळणार?"

एकेक बाद करत नऊपैकी तीन उरली.

"शिफारस देते," मॅडम म्हणाल्या. "आकडा कोणता लिहू?"

घड्याळाकडे पाहून मी म्हणाले, "आज कोणताच नको."

निबंधाची मुदत टळली. पुढचे चार दिवस मी, मामा इतर मराठी कामगारांसोबत राहत त्या सामायिक खोलीत बसले. ज्याचा प्रश्न, त्यानेच खूण करायची. "ताई, नापास केलं तर रागावणार न्हाई ना?" एका सुताराने विचारले आणि खुशाल नापास केले.

परतीच्या विमानात मी वही उघडली. मॅडमनी आयुष्यभर जपलेली शिस्त त्या खोलीतील माणसांनी मला चार दिवसांत शिकवली होती. उतरताच त्यांना कळवले: सरासरी, दहापैकी चार.