राबातली माती

मेच्या दुसऱ्या रविवारी माती तपासायला मी दोनशे रुपये काढले, तेव्हा शेतावर चुलतभाऊ आणि वहिनी होते. खाडीचा बांध फुटून भरतीचं पाणी शेतात आलं होतं. यंदा भात पेरायचं की नाही, हे तपासणीवर ठरणार होतं.

भावाने माती खणून तपासणीला दिली. खारं पाणी येऊनही अहवाल चांगला आला. मला पटेना. भावाला विचारलं, "माती कुठली काढलीस?"

"राबातली. बाकीचं रान दगडासारखं हाय, कुदळ लागं नाय."

राब म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजलेला तुकडा. आमचा उंचावर आहे. खारं पाणी तिथे पोचलंच नव्हतं.

"सगळ्या वर्गाचा म्हणून एका हुशार पोराचा निकाल दाखवलाय यांनी, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा उन्हात चार कोपऱ्यांची आणि मधली माती खणली. या खेपेस क्षार इतके निघाले की भात जगलंच नसतं. भावाने अहवालाची घडी करून खिशात घातली. मी समजावायला गेलो नाही. दोघेही दमलो होतो.

"मंग बांध तरी घालू," तो शेवटी म्हणाला. पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन निघायचं, तर आधी भरती अडवायला हवी होती. बियाण्यासाठी ठेवलेले साडेतीन हजार रुपये बांध घालणाऱ्या दोन मजुरांना दिले.